कान्हा, पुतळा आणि वेताची खुर्ची

६ जानेवारी १९९६, शनिवार

आली! दोन्ही आली — सव्वाअकराला, विपुलच्या स्कूटरवरून, पिंजऱ्यावर जुनी ओढणी पांघरून! विपुल माझा बहात्तर सालचा पाचवीचा विद्यार्थी. मस्कतला नोकरी लागली, परवा विमान. 'सर, ही दोघं फक्त तुमच्याकडेच देऊ शकतो. वर्गाच्या खिडकीत कावळा आला तरी तुम्ही शिकवणं थांबवून त्याच्याकडे बघत बसायचात.' हे खरं आहे. हेडमास्तरांनी एकदा लेखी विचारणा केली होती.

कॉकाटील म्हणतात यांना. पोपटाच्याच गोतातली, मूळची ऑस्ट्रेलियाची. राखाडी अंग, नराचं तोंड हळदीचं, आणि दोन्ही गालांवर कुणी शेंदराचं बोट टेकवल्यासारखे ठिपके. डोक्यावर तुरा. राग, लोभ, भीती — सगळं त्या तुऱ्यात! मादी रंगाने फिकी, बसली की हलत नाही.

नावं अरुणाने ठेवली. नको नको म्हणत! नर शीळ घालतो म्हणून कान्हा. मादी ढिम्म म्हणून पुतळा.

लगेच फर्मानही निघालं — 'नावं ठेवली म्हणजे हो म्हटलं असं नाही. आणि बाल्कनीला हात लावायचा नाही.'

बाल्कनी तिची. परळच्या चाळीतून वाशीला आलो त्याला सहा वर्षं झाली. नव्या ब्लॉकमध्ये पाऊल टाकल्यावर तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती. मोगऱ्याची कुंडी, वेताची खुर्ची, चारचा चहा. तेव्हा मी झोपलेला असतो.

कबूल केलं. पाखरं हॉलमध्ये.

७ जानेवारी

विपुलचा पिंजरा फार लहान. कान्हाने पंख उघडले की दोन्हीकडे गज लागतात. नवा हवा!

९ जानेवारी

क्रॉफर्ड मार्केटला जाऊन आलो. पिंजरेच पिंजरे! चौकोनी, लांबुळके, छपरावर छप्पर असलेले. आणि मग तो दिसला — गोल, वर घुमट, घुमटावर कडी. आमच्या लहानपणीच्या वाचनपुस्तकातल्या चित्रात होता तो! तोच! त्या चित्रात मी खडूने पोपट हिरवा केला होता आणि छडी खाल्ली होती. पुढे दुसरा कुठला पिंजरा मला दिसलाच नाही.

अरुणा म्हणाली, 'पूजेच्या घंटेसारखा आहे.' मी म्हटलं, शोभा बघ. 'शोभा तुम्हाला. राहायचंय त्यांना.'

११ जानेवारी

गोल पिंजरा बाद. पाखरं त्यात नुसती गरगरतात. कोपरा नाही, पाठ टेकायला जागा नाही. पुतळाचं शेपूट सळ्यांना घासून वाकलं. विपुल इंग्रजी पुस्तकाची काही पानं झेरॉक्स करून ठेवून गेलाय. ती आज चष्मा लावून नीट वाचली. (आधी वाचायला हवी होती. पोरांना आयुष्यभर हेच सांगत आलो — प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचा!)

पिंजरा उंच नको, रुंद हवा. ही पाखरं आडवी उडतात. गज आडवे, म्हणजे चोचीने धरून चढता येतं. दोन गजांत अर्ध्या इंचाहून जास्त फट नको, मान अडकते. बसायच्या काठ्या एकसारख्या गुळगुळीत नकोत — झाडाच्याच, जाडबारीक, म्हणजे पाय दुखत नाहीत. पाण्याची वाटी काठीखाली नको. का ते कळलं! स्वयंपाकघराच्या धुरापासून लांब. एक बाजू भिंतीला, म्हणजे जिवाला निवांत.

असला पिंजरा तयार मिळत नाही. करवून घ्यायचा!

१२ जानेवारी

सबंध सकाळ नकाशा काढला. हॉलच्या पूर्वेच्या भिंतीला, रेडिओच्या जागी. भिंत तीनदा मापली. लांबी चार फूट, उंची तीन, खोली तीन. सकाळचं ऊन येईल, दुपारचं नाही.

अरुणाने पाठीमागून वाकून बघितलं. 'चाळीत आपण पाच माणसं दहा बाय बारात राहिलो. आणि ह्या दोघांना एवढा कार्पेट एरिया?'

'त्यांना पंख आहेत.'

'हो ना,' म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

१३ जानेवारी

सानपाडा गावात शिवरामकडे गेलो. ग्रिल, गेट, वेल्डिंगची कामं करतो. वाशीतल्या अर्ध्या खिडक्यांना त्याचीच ग्रिलं. त्याच्या वडिलांची शेती इथेच होती, जिथे आज स्टेशन आहे त्याच्या मागे. नकाशा उलटासुलटा करून म्हणाला, 'मास्तर, ह्यो पिंजरा हाय का रूम? नंबर पन घालाचा काय दारावर?'

म्हटलं, घाल. एक.

तो खो-खो हसला. आठ दिवसांत देतो म्हणाला.

१६ जानेवारी

पेरूची फांदी मिळाली! सोसायटीच्या मागे छाटणी चालली होती, उचलून आणली. साल तशीच ठेवली. शिवाय मासळीवाल्या चांगुणाबाईने समुद्रफेसाचा तुकडा दिला — चोच घासायला लागतो. 'पाखरांना पायजे? न्या की! पन मावरं घेत नाय तुमी, मग मला काय फायदा?' अरुणाने ओशाळून बोंबील घेतले.

कान्हाला शीळ शिकवतोय. सकाळी सात ते सव्वासात. साकवाची कविता — तिची चाल. पाचवीला एकतीस वर्षं शिकवली ती. पहिल्या कडव्यात ओढ्याला पूर, साकव थरथरतोय, मुलगी अलीकडच्या काठावर एकटी उभी. दुसऱ्या कडव्यात ती पलीकडे जाते. सबंध वर्ग बाकांवर ताल धरायचा! माझी चाल ठेक्याची, पावलांची. प्रत्येक शाळेची चाल वेगळी असते. कविता एक, पण मास्तर गातील तशी मुलं गातात.

शब्द नाहीत, नुसती शीळ. कान्हा तुरा वर करून ऐकतो. बोलत नाही. नव्या विद्यार्थ्याचं असंच असतं.

आज वाटलं, शाळेतल्या कविता मी घरी कधी आणल्याच नाहीत. घरी आणल्या त्या तपासायच्या वह्या.

२१ जानेवारी, रविवार

काय दिवस! काय फजिती!

सकाळी टेम्पोतून पिंजरा आला. देखणा! सरळ, भक्कम, आडवे गज, खाली ओढायचा पत्र्याचा ट्रे, दाराला दुहेरी कडी, आणि दारावर खरोखर पांढऱ्या रंगात '१'! सोसायटीची मंडळी जमली. जिना चढला. आमच्या दारापर्यंत आला. आणि अडला.

आडवा केला, उभा केला, तिरका केला. दार अडीच फुटांचं! पिंजऱ्याची कुठलीही बाजू तीन फुटांच्या आत नाही!

शिवराम कपाळावर हात मारून — 'मास्तर, भिंत तीन वेला मापली. दार कोन मापनार?'

चाळीत आमचं दार दोन फळ्यांचं होतं, दोन्ही उघडल्या की लग्नाचा पलंग आत आला होता. माझ्या डोक्यात दार म्हटलं की अजून तेच!

सेक्रेटरी म्हणाले, दोर लावा, बाल्कनीतून घ्या. पहिलाच मजला. खालून सहा जण, वरून चार. 'हळू! मोगरा सांभाळा!' चढला! टाळ्या वाजल्या! पण बाल्कनीचं दारही अडीचच फुटांचं, हे वर आल्यावर कळलं.

म्हणून पिंजरा बाल्कनीत. बाल्कनी जवळजवळ भरली. वेताची खुर्ची उचलून हॉलमध्ये ठेवली. अरुणाने एकच विचारलं — 'किती दिवस?'

'दोन दिवस,' मी म्हणालो.

२२ जानेवारी

शिवराम म्हणाला होता, नव्या गजांवरचं जस्त धुवायला पायजे. विपुलच्या पानांतही तेच: पोटात गेलं तर पाखराला विष. व्हिनेगर आणि काथ्या घेऊन दोघांनी दोन तास घासला. अरुणा म्हणाली, 'लग्नात आलेली भांडीसुद्धा एवढी घासली नव्हती.' नाकाला जस्ताचा काळा डाग, पदर खोचलेला — नवी नवरी चाळीत आली तेव्हा अशीच दिसायची. हे तिला सांगायला हवं होतं. कान्हा ओरडला आणि राहून गेलं.

दुपारी गृहप्रवेश! आधी पुतळा गेली, धीटपणे! पेरूच्या फांदीवर बसली आणि — उडाली! आडवी, चार फूट, दुसऱ्या फांदीवर! विपुलच्या पिंजऱ्यात तिला उडताना मी पाहिलंच नव्हतं. कान्हा तिच्यामागे. डोळ्यांत पाणी आलं. पासष्टीला आलेल्या माणसाला एवढं काय व्हावं!

२६ जानेवारी

उघड्यावर पाखरं कशी खुलली आहेत! चिमण्या कठड्यावर येऊन गप्पा मारतात. हॉलमध्ये हे झालं असतं का? बाल्कनीच योग्य. चूक झाली ते बरंच झालं म्हणायचं.

३ फेब्रुवारी

पुतळा रोज शंभरदा उडते. मी मोजतो. कान्हा अजून शिकत नाही. अठरा दिवस सात ते सव्वासात. एक सूर नाही! आमच्या वर्गात असा एकच होता, तो पुढे वकील झाला.

अरुणा हल्ली कमी बोलते. थंडी असेल.

११ फेब्रुवारी, रविवार

कान्हा गायला!!

सकाळी सव्वासहा. मी चहा गाळत होतो. लांबवर ओढलेली शीळ, मग खाली उतरत जाणारी, मग एक हेलकावा — अगदी पाळण्यासारखा. पूर्ण! सुरेल! पण माझी चाल नाही. माझ्या चालीचा त्यात मागमूस नाही. रेडिओवरचं? शेजारचं? अरुणाला विचारलं, ही कोणाची चाल? ती पीठ मळत होती. 'पाखरू आहे. घेतलं असेल कुठून तरी.'

१३ फेब्रुवारी

आज दुपारी झोप लागेना. पाठदुखी. चारला उठून हॉलमध्ये आलो.

खुर्ची रिकामी. ती ठेवली आहे पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून, मीच ठेवली. बाल्कनीचं दार लोटलेलं. पडद्याआडून पाहिलं.

पिंजरा आणि कठडा यांच्यामध्ये दीड वीत जागा उरते. तिथे अरुणा बसली होती. तेलाचा रिकामा डबा उपडा घालून, गुडघे छातीशी, चहाचा कप मांडीवर. वळायला जागा नाही. आणि गुणगुणत होती. ती चाल! कान्हा गजाला चिकटून, तुरा झोपवून, ऐकत होता.

चाळीस वर्षांत मी तिला गाताना ऐकलं नव्हतं.

झेरॉक्सच्या पानांवर मीच लाल पेनाने खूण केली आहे: पंख उघडून वळता आलं पाहिजे, कुठेही न टेकता.

आत आलो. अंथरुणावर पडून राहिलो. तिला कळू दिलं नाही.

१४ फेब्रुवारी

शिवरामकडे.

'कापाचा?' तो ओरडलाच. 'मास्तर, धा मानसांनी चढवला हत्ती, आता कापाचा? तुमचीच पाखरं खुश हाईत ना तिथं?'

'पाखरं आहेत.'

त्याने बिडी विझवली. 'म्हातारी रुसली काय?'

'नाही रे. रुसली असती तर बरं होतं.'

शनिवारी येतो म्हणाला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

पिंजऱ्याची खोली तीनाची दोन फूट झाली. ठिणग्या उडत होत्या तोवर कान्हा-पुतळा विपुलच्या जुन्या पिंजऱ्यात, न्हाणीघरात, दार बंद. लांबी तीच ठेवली — उडण्यात उणं नको. या वेळी दार मी मापलं. शिवरामने मापलं. अरुणानेही मापलं! आला आत, सहा इंच राखून! पूर्वेच्या भिंतीला, रेडिओच्या जागी, नकाशात होता तिथेच.

मग खुर्ची मी स्वतः उचलून बाल्कनीत ठेवली. मोगऱ्याशेजारी, बाहेर तोंड करून.

'हे कशाला?' ती म्हणाली. 'मला चालत होतं.'

'माहीत आहे,' मी म्हणालो. 'तेच.'

१८ फेब्रुवारी

आज चारला झोपलो नाही. तिच्या खुर्चीशेजारी उपड्या डब्यावर बसलो. विचारलं, त्या चालीला शब्द आहेत का. लाजली. म्हणाली, 'आमच्या गावच्या शाळेतली. पूर आलाय, साकव थरथरतोय, मुलगी अलीकडे उभी. एवढंच येतं. एक कडवं झालं आणि वडिलांनी पाचवीतून नाव काढलं, धाकट्यांना सांभाळायला.' मग कप कठड्यावर ठेवून — 'अहो, ती पलीकडे जाते का हो?'

सांगणारच होतो. तिने हात धरला.

'असं नका सांगू. शिकवा.'

वर्ग बाल्कनीत भरला. पट एक. हजर एक.