शेवटच्या वळणावरचे लाल दिवे

अखिल-आभासी-महामार्ग-चक्रवर्ती, बोगदा-भेदन-धुरंधर, वक्रमार्ग-वाचस्पती, शर्यत-कुलावतंस, तथा अंतिम-वळण-करुणासागर, आमचे एकुलते एक कनिष्ठ बंधू यांच्या चरणी नव्हे (वडीलकी अद्याप आमच्याकडेच आहे), परंतु चरणांच्या आसपास, म्हणजे जेथे त्यांचा ब्रेक असतो त्या परिसरात, ज्येष्ठ बंधूंचा सक्रोध आशीर्वाद.

प्रिय बारक्या,

उपरोक्त बिरुदांपैकी शेवटचे तुला का बहाल केले, याचा उलगडा यथाक्रम होईल. तोवर धीर धर. धीर धरणे तुला किती उत्तम जमते, हे मला नुकतेच कळले आहे.

मॉनिटर घेतला, हे तुला ठाऊकच आहे. तो कसा घेतला, हे ठाऊक नाही. जुना मॉनिटर म्हणजे आमच्या मोटार-प्रशिक्षणशाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेला पट. उजव्या कोपऱ्यात पिवळा डाग, आणि धावती गाडी दिसे ती ओल्या भिंतीवरून कुणी बोळा फिरवल्यासारखी. गेल्या वर्षीच्या त्या प्रकरणानंतर (वैद्यकशास्त्रात त्यास भारदस्त नाव आहे, घरात आम्ही ‘प्रकरण’च म्हणतो) रविवारी आपण दोघे आपापल्या घरून कम्प्युटरवर लावतो त्या शर्यतीत माझी गाडी वळणावर उशिरा वळू लागली. डॉक्टर म्हणाले, डावा हात. तुझी वहिनी म्हणाली, डावा हात. मी म्हणालो, मॉनिटर. हात माझी आज्ञा ऐकतो, याबद्दल दुमत नाही. मात्र सरकारी कचेरी ऐकते तसा. अर्ज पोहोचतो, कार्यवाही सवडीने होते. तरीही दोष पटाचाच, असा निर्णय मी एकमताने संमत केला. मतदार एकच होता.

तुझ्या वहिनीने एक रक्कम मंजूर केली, पाकिटात घातली आणि पाकीट स्वतःच्या पर्समध्ये ठेवून ती माझ्यासोबत निघाली. दुकानातल्या तरुणाने पहिलाच प्रश्न विचारला, मुलासाठी हवाय का? मी सांगितले, स्वतःसाठी. त्याने माझ्या डाव्या हाताकडे पाहिले आणि आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करत बोलू लागला, जणू प्रकरण कानाचे झाले होते. नंतर त्याने आम्हाला एका धनुष्याकृती, भिंतभर पसरलेल्या राक्षसापुढे उभे केले. हा म्हणे सेकंदाला दोनशे चाळीस वेळा चित्र नव्याने उमटवतो. पाठीला सप्तरंगी दिवे. मी विचारले, पाठ भिंतीकडे, मग हे दिवे कुणी पाहायचे? तो म्हणाला, फील येतो काका. भिंतीला फील यावा म्हणून मी आयुष्यभर कष्ट केलेले नाहीत.

बारक्या, वीस वर्षे मी लोकांना गाडी शिकवली. ज्या गल्लीत काटा तिसाच्या पुढे सरकत नाही, त्या गल्लीसाठी दोनशे चाळीसची गाडी घेणाऱ्याला आपण काय म्हणतो? तोच न्याय येथे. आपल्या कम्प्युटरचे ग्राफिक्स कार्ड ही शर्यत सेकंदाला जेमतेम शंभर चित्रांनी ओढते. उरलेल्या एकशे चाळिसांचे पैसे म्हणजे निव्वळ दानधर्म. माझे टेबल हातभर खोल. त्यावर तो राक्षस ठेवला असता तर फिनिश लाइन पाहण्यास मान फिरवावी लागली असती. ‘प्रतिसाद एक मिलिसेकंदात’ असे ठळक छापलेल्या खोक्याखाली बारीक अक्षरांत ज्या अटी होत्या, त्यांपुढे आमच्या घरमालकाचा करारनामा उदार वाटावा. मी अंधाऱ्या बोगद्याचे दृश्य लावायला सांगितले. एक स्वस्त पट तेथेच उघडा पडला: काळ्यावर काळे सारवत गेला. शेवटी चोवीस इंची, सपाट, एकशे चव्वेचाळीसचा, दिवेविहीन, सात्त्विक मॉनिटर ठरला. पाकीट पर्समधून बाहेर आले, जवळपास रिकामे झाले, आणि परतीच्या बसभाड्यापुरते पैसे उरलेही. त्या तरुणाच्या चेहऱ्यावर सुतक होते.

आता माझ्या फजितीचे प्रकरण दुसरे. पहिल्या रविवारी मी जिंकलो. तुला फोनवर व्याख्यान दिले की हा विजय मॉनिटरचा, गती कशी लोण्यासारखी वाहते, मानवी नेत्राला फरक कसा तत्काळ जाणवतो. तू म्हणालास, “मग! यंत्रच तसं आहे, दादा.” मी फुशारलो. दोन दिवसांनी तुझी वहिनी पुस्तिका वाचत बसली (या घरात पुस्तिका वाचणारी व्यक्ती एकच आहे) आणि म्हणाली, “अहो, हा अजून साठवरच चाललाय.” कम्प्युटरला सांगितल्याविना तो आपणहून एकशे चव्वेचाळीसवर जातच नाही, ही गोष्ट खोक्यावर ठळक छापण्याइतकी कुणाला महत्त्वाची वाटली नव्हती. म्हणजे मानवी नेत्राने जो फरक तत्काळ जाणला, तो अस्तित्वातच नव्हता. तिने सेटिंग बदलले आणि ती एकदाही हसली नाही. ही तिची खास क्रूरता.

मग आला गेला रविवार. चित्र खरोखरच स्वच्छ झाले होते. रस्त्याकडेच्या कुंपणाचे खांब सुटे दिसत होते, तुझ्या गाडीच्या मागच्या काचेवरचा ओरखडा दिसत होता. बोगद्यातून तू पुढे निघालास, मी मागे. शेवटच्या वळणाआधीचा तो सरळ पट्टा, जेथे लहान मूलसुद्धा अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलणार नाही, तेथे तुझे मागचे दोन लाल दिवे लागले.

जुन्या पटावर ते दिवे तपकिरी फराट्यात विरघळून जात असत. या पटावर ते डाळिंबाच्या दाण्यांसारखे दिसले. आणि बारक्या, मी वीस वर्षे शिकाऊ चालकाच्या शेजारी, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेला माणूस आहे. भीतीने दाबलेला ब्रेक मला पाठीच्या मणक्यांतून ओळखू येतो: गाडी नाक खाली करते, दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. तुझा ब्रेक तसा नव्हता. तो हळुवार होता, स्थिर होता, मागच्याला धक्का जाणवू नये असा होता. असा ब्रेक मी एकाच विद्यार्थ्याला शिकवला आहे.

तरी अन्याय नको म्हणून मी परीक्षा घेतली. मुद्दाम वेग कमी केला. तुझे दिवे तसेच. आणखी कमी केला. तुझे दिवे तसेच. शेवटी जगातल्या दोन सर्वाधिक वेगवान मोटारी फिनिश लाइनपुढे अशा रांगू लागल्या, जसे दोन सभ्य पाहुणे दारात उभे राहून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करतात. मी पुढे गेलो. जिंकलो. आणि तू फोनवर ओरडलास, “दादा, काय मारलीस रे!” मी फोन ठेवला. त्यानंतर तू जितक्या वेळा फोन केलास, तितक्या वेळा वहिनीने मी झोपलो असल्याचे सांगितले. एवढी झोप मला पाळण्यातही लागली नसेल.

संताप का, ते ऐक. शाळेच्या मालकांनी माझी गाडी काढून घेतली आणि मला वर्गात बसवले. मी छडीने रस्त्याच्या खुणा दाखवतो आणि पोरे माना डोलावतात. ठीक. त्यात रस्त्यावरच्या लोकांचा जीव आहे, मला मान्य आहे. शेजारी जिन्यात माझ्यासाठी भिंतीला चिकटून उभे राहतात. तुझी वहिनी माझ्या सदऱ्याची बटणे लागेपर्यंत खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचे पाहत असते; खिडकीबाहेर पाण्याची टाकी आहे. सारे जग माझ्यापुढे ब्रेक लावून चालले आहे, बारक्या. एका रविवारच्या त्या तासात मात्र कुणी लावत नाही, असा माझा समज होता. त्या समजावर मी आठवड्याचे उरलेले दिवस रेटत होतो. आणि तेथेही दिवे लागलेलेच होते. फक्त माझा पट ते दाखवण्याच्या लायकीचा नव्हता. दयेचा मला तिटकारा नाही. ती फसवून पानात वाढली, याचा आहे.

हे फोनवर का सांगितले नाही? कारण मी रागावलो की जीभ अजून अडखळते. शांतपणे वाक्य पूर्ण होते, संतापात ‘र’ आणि ‘ळ’ परस्परांच्या जागा बळकावतात. मी अडखळलो असतो, तू ‘हो दादा, हो दादा’ म्हणाला असतास, आणि तोही ब्रेकच झाला असता. कागदावर माझी जीभ धडधाकट आहे. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ही आज्ञा: येत्या रविवारी शेवटच्या वळणावर मला तुझे लाल दिवे दिसता कामा नयेत. हरव मला. खुशाल, निर्लज्जपणे, मैलभर पुढे जाऊन हरव. मग मी तुला मनसोक्त शिव्या देईन. जीभ अडखळेल, तेव्हा पोटभर हस. मी हरलो तर दुसऱ्या दिवशी डाव्या हाताचे व्यायाम दुप्पट करीन, असे तुझ्या वहिनीला वचन दिले आहे. जिंकत राहिलो, तर कशासाठी करू?

तुझाच,
पराभवाच्या प्रतीक्षेत असलेला,
दादा

ता. क. या मॉनिटरची सर्व बटणे पाठीमागे आहेत, पाच, आणि पाचही हुबेहूब. काल बंद करू गेलो तर पटावरची सारी यादी कुठल्याशा अनोळखी लिपीत गेली. तुझ्या वहिनीची पुस्तिकाही तेथे हतबल आहे. आता तो बंद करण्यास भिंतीवरचे बटण दाबावे लागते, आणि त्याच बटणावर फ्रिज आहे. सकाळी दूध नासले. ती म्हणते मॉनिटर हलवा, मी म्हणतो फ्रिज हलव, आणि दोन्हींच्या वायरी आखूड आहेत.