स्प्रिंग बदललेली एअरगन

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज बोलायला मला दुसरं कोणी उरलेलं नाही. जुईनगरचं तुमचं एअरगन दुरुस्तीचं दुकान पोलिसांनी सील केलंय. आपला धाकटा कोठडीत आहे, आणि त्याला तिथं मीच पोचवलंय.

तो पनवेलकडचा आंबेवाला तुम्हाला आठवत असेल. बागेतली माकडं हाकलायला एअरगनला जास्त ताकदीची स्प्रिंग घालून मागत होता. तुम्ही ती उघडून त्याच्यापुढं ठेवलीत आणि म्हणालात, "हिची ताकद वीस ज्यूलच्या आत हाय म्हनून हिला परवाना लागत नाय. त्याच हिशोबानं हिची स्प्रिंग बनवलीय. त्याच्यावर नेली का हे हत्यार झालं. परवाना काढ, मंग दुसरी घे." तो तणतणत गेला. "गिऱ्हाईक घालवलं," धाकटा पुटपुटला. तुम्ही त्याच्याकडं असं बघितलंत, की तो त्या दिवशी आपल्यासोबत जेवायला बसला नाही.

गेल्या सोमवारी एक माणूस दुकानात आला. घामाघूम. पिशवीतून एअरगन काढून धाकट्याला म्हणाला, "पहिल्यासारखी करून द्या, आत्ताच्या आत्ता." सोसायटीत कबुतरांचा त्रास, म्हणून त्यानं धाकट्याकडून तिची ताकद वाढवून घेतली होती. रविवारी छर्रा कबुतराला चुकवून समोरच्या इमारतीत गेला. कपडे काढायला बाल्कनीत आलेल्या बारावीच्या मुलीचा डावा डोळा गेला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. धाकट्यानं पाना उचलला.

"ताई, जुनी स्प्रिंग टाकतो, विषय संपला. कोणाला कळणारै?"

मी एअरगन त्याच्या हातातून काढून घेतली, ताकद मोजायच्या यंत्रापुढं धरली आणि चालवली. आकडा मर्यादेच्या खूप वर होता. ती तशीच पिशवीत घालून मी रिक्षात बसले. धाकटा रिक्षामागं धावत होता, "ताई, माझी पोरं लहान आहेत गं!" पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, "काम कोणी केलंय?" मी माझ्या भावाचं नाव सांगितलं. तो गिऱ्हाईकही त्याच रात्री पकडला गेला.

वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेली. आई माझ्या हातचं पाणीही घेत नाही. काल बेलापूरच्या कोर्टात धाकटा दिसला. दाढी वाढलेली, पायात चपला नाहीत. माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाबा असते तर त्यांनी मला वाचवलं असतं." तेव्हापासून हेच डोक्यात घुमतंय. बाबा, तुम्ही वाचवलं असतंत का? हो म्हणालात तर मी कुठं जाऊ? नाही म्हणालात तरी त्याची पोरं मला आत्या म्हणणार नाहीत. रडायचं तर कोणापुढं, तेही कळत नाही. आई आतल्या खोलीत आहे, मी इथं, आणि मधलं दार तिनं लावून घेतलंय.

हा कागद मी पाठवणार तरी कुठं? फाडून टाकेन. त्याआधी एकच सांगते. वहिनीला वाटतं मी दगडाची आहे, पोलिसांना वाटतं मी फार खरी आहे. पण यंत्रापुढं चाप ओढताना मी डोळे मिटले होते आणि मनात म्हणत होते, आकडा कमी येऊ दे. त्या क्षणी ती मुलगी मला आठवलीसुद्धा नाही, बाबा.