काखेतले डफ

शनिवार, संध्याकाळ. हौगांग, सिंगापूर

डफवाल्यांनी डफ काखेत मारले आणि नवरदेव मुकाट्याने मांडवात शिरला. आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत एका टोकाला शेजारच्या मलय फातिमाबाईंच्या एकुलत्या मुलीचं लग्न होतं, दुसऱ्या टोकाला आमच्या चिनी शेजाऱ्याच्या, टॅनच्या आईची शवपेटी. डफ बाईंनीच थांबवले.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. पण त्या म्हातारीनेच माझी पोर सांभाळली."

माझी लेक इथल्या ढंगात म्हणाली, "नॉर्मल लाह, बाबा."

नॉर्मल? काल ऑफिसात वाद झाला, की इथले चिनी, मलय, आपण, सगळेच एकमेकांपासून दुरावतोय. मी दोन्ही बाजू ऐकल्या. आजही खात्री नाही. पण काखेतले ते डफ डोळ्यांपुढून हलत नाहीत.

रविवार, सकाळ. लिफ्टमध्ये टॅन फातिमाबाईंना म्हणाला, "डफ का बंद केले? आईला आवडायचे."