कावळ्याला पटलेला शेवट

१२ सप्टेंबर २००५

नवी नोकरी, नवी वही! कॉलेज रोडवर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. मालक धवल, दोन चित्रकार, झाडलोटीला फुलाबाई आणि आजपासून मी. सीडीवर चित्रकथेचा खेळ बनवायचाय. नायिका रूपाली, नोकरी करणारी मुलगी, मेली आहे. तिच्या पिंडाला कावळा शिवत नाही. खेळणाऱ्याने तिचे घरचे होऊन एक वचन निवडायचं. जसं वचन, तसा शेवट. असे सात शेवट मी लिहायचे. रूपालीसाठी कुणा खऱ्या मुलीचे फोटो वापरलेत. हनुवटीवर तीळ, गोड आहे.

आईचा इगतपुरीहून फोन आला, जेवलीस का विचारायला. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते, रोज हेच विचारते.

१९ सप्टेंबर

सहा झाले. बहिणीचं लग्न लावू, आईला अंतर देणार नाही, तुझं राहिलेलं काम पुरं करू वगैरे. धवल रोज सकाळी छापलेला कागद घेऊन रामकुंडावर जातो. त्याचे वडील ढुंढिराज गुरुजी तिथे श्राद्धं चालवतात. परत येऊन मला सांगतो, नाही शिवला. एकेकाची तऱ्हा! साहेबांनी समीक्षक म्हणून कावळा नेमलाय.

२४ सप्टेंबर

आज डोकंच फिरलं. वचन देताना लोक दुसऱ्याचंच काहीतरी देऊन टाकतात, स्वतःचं कोण देतंय? म्हणून सातवं लिहिलं : ‘तुझ्या जागी नोकरीला आलेली मुलगी तुझ्या सोबतीला देतो.’ हसून हसून माझी पुरेवाट झाली. धवल हसला नाही. कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, हा सर्वपित्रीला.

२८ सप्टेंबर

फुलाबाईने आज माझ्या स्क्रीनवरचा फोटो पाहिला आणि तिच्या हातून केरसुणीच पडली. म्हणाली, ही तर आपली रूपालीताई, याच खुर्चीत बसायची. धवलने तिच्याकडून एकच शेवट अकरा वेळा लिहून घेतला, सगळ्यांदेखत फाडून तोंडावर फेकला. त्या दिवशी ती गंगेवर, गोदावरीत जीव द्यायला गेली, ती गेलीच. ‘कावळा शिवलाच नाय ताई, दर्भाचा करावा लागला. तवापासून सायबाच्या ताटातला भात रोज आंबतो.’

तिच्या जागी नोकरीला आलेली मुलगी म्हणजे मीच. ती सोबत मीच लिहून दिलीय.

३० सप्टेंबर

कागद परत मागितला. धवल गोड हसला. शब्दच तर आहेत म्हणाला, आणि तुमचेच, स्वानंदी मॅडम.

भीती वाटते. खूप.

३ ऑक्टोबर, सर्वपित्री

रामकुंडावर गेले, कागद हिसकावायला. गुरुजींनी भात ठेवला होता. धवलने सहा वचनं वाचली. कावळे भिंतीवर, ढिम्म. मग सातवं — मी ओरडले, नको — सगळे एकदम खाली —

धवल रडला. आनंदाने.

दुपार. खोलीवर. आत्ता शिजवलेला भात — आंबलाय. खुर्ची ओली. मी तर बसलेही नव्हते —

मला लिहिता येतं. तेवढंच येतं. आंबलेला भात खिडकीत ठेवलाय. कावळा आलाय. मान वाकडी करून ऐकतोय.

आठवा शेवट. रूपाली, मला सोड. त्याऐवजी इगतपुरीला एक बाई आहे, सुधा नावाची. एकटीच असते. ती तुझ्या सोबतीला —

शिवला.

फोन वाजतोय. आईच. जेवलीस का विचारेल, मी तिला काय —