सही करण्याआधी

रोहा, रविवार

ती. बाबांना नमिताचा नमस्कार.

मी बरी आहे. खोली कंपनीच्या बसथांब्याजवळच आहे आणि डबा चांगला मिळतो. आईचा गुडघा कसा आहे?

पहिल्याच आठवड्यात माझी एक चूक झाली. आधीच्या शिफ्टने वहीत लिहून ठेवलेलं वाचून आपण सही करायची असते. मी पानावरून नजर फिरवली आणि सही केली. आमच्या शिफ्टच्या सुरभीताईंनी विचारलं, "वाचलंस गो?"

"व्हय."

"मग सांग, तीन नंबरची टाकी धुतलेली हाय का?"

मी वही पुन्हा उघडली. टाकी धुतलेली नव्हती, आणि चौथ्या ओळीत तसं लिहिलं होतं. काही बिघडलं नाही, काळजी करू नका. आता ताई चिडवतात, "आल्या सहीवाल्या बाई."

आपल्या मिठागराच्या कराराचा कागद तुमच्याकडे आलाय, म्हणून हे लिहिते. फोनवर तुम्ही "बघितला, ठीक हाय" म्हणालात. पेपर चाळता तसा तो चाळू नका. उधाणाआधी पंचांगातली तिथी बोट ठेवून वाचता, तसा वाचा. आगर किती वर्षांसाठी मागतायत आणि परत कधी देणार, ते त्यात शोधा.

मग तो आईला मोठ्याने वाचून दाखवा. ती शाळेत गेली नाही, पण न कळलेलं कळलं असं ती कधी म्हणत नाही. ती जिथे "म्हणजे काय?" विचारेल, तिथे सही थांबवा.

तुमची
नमिता