इस्लामपुरातलं पोटॅशियम

३ जून
सांगलीच्या मोठ्या हॉस्पिटलचा फोन. माझ्यासारख्या बाहेरच्या लॅबचे रिपोर्ट यापुढे एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असेल तरच धरणार. हसलो. अख्खं इस्लामपूर मला 'डॉक्टर' म्हणतं. मी बीएस्सी आहे हे सांगून कुणाचं मन मोडलेलं नाही. मान्यता म्हणजे भिंतीवर एक फ्रेम. प्रीतीला म्हटलं, गणपतीपर्यंत आणतो. म्हणाली, आधी लॅबच्या फ्रिजमधलं श्रीखंड घरी आणा. बायकोला विज्ञानाचं गांभीर्य नाही.

११ जून
मान्यतेच्या परीक्षेची बाटली आली. आतल्या अनोळखी सँपलचं पोटॅशियम मोजून कळवायचं. खरा आकडा पाठवणाऱ्यांनाच ठाऊक. टेक्निशियन जयराजनं मशीनवर लावलं. ६.२. एवढं पोटॅशियम असलेला माणूस आयसीयूत असतो! जयराज म्हणाला, 'सर, आलंय त्येच कळवू.' अनुभव कमी.
संध्याकाळी अतिशय या सांगलीच्या मित्राला सहज फोन. त्याची लॅब मोठी. दुसऱ्या लॅबला विचारू नये असा नियम आहे, पण मी विचारलं नाही, गप्पा मारल्या. त्याचं ४.८. म्हणजे आमचं मशीन चढं दाखवतंय. ४.८ कळवून टाकलं.

१२ जून
मशीन चढं, तर पेशंटचं काय? जबाबदार माणूस गप्प कसा बसेल? मशीनच्या सेटिंगमध्ये फॅक्टर, म्हणजे आलेल्या आकड्याला गुणायची संख्या, बदलला. आता पोटॅशियम बरोब्बर खाली येतं. जयराजचं म्हणणं, कंपनीच्या इंजिनिअरला तरी विचारा. तोंड पाडून बसलाय.
उद्यापासून प्राणायाम.

१९ जून
सुभेदार नाथाजी येऊन गेले. फौजेतून रिटायर, किडनीचं दुखणं, म्हणून पोटॅशियम सारखं बघावं लागतं. ४.७. म्हटलं, सुभेदार, एकदम फिट. लय खूश. 'मग शहाळ्याचं पाणी चालंल का वो?' म्हटलं, पोटॅशियम भरपूर असतं त्यात, पण ४.७ ला बिनधास्त.
प्राणायाम राहिला.

२१ जून, दुपार
राहीबाईंचा, सुभेदारांच्या बायकोचा फोन. 'आवं डॉक्टर, ह्यांच्या पायातलं बळच गेलंय. उठाय येईना. रिपोर्ट तर चांगला हुता न्हवं?'
म्हटलं, उन्हानं असेल. फोन ठेवला. लगेच परत लावला. म्हटलं, सांगलीला न्या. आत्ता.
त्यांचं उरलेलं सँपल जयराजकडून फॅक्टर काढून पुन्हा लावून घेतलं. ६.१. फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी राहून चढलं असेल.

२१ जून, संध्याकाळ
हॉस्पिटल. त्यांच्याकडे ७.०. सुभेदारांना डायलिसिसला घेतलंय. तिथल्या डॉ. संयोगितांना म्हटलं, बाहेरच्या सँपलमध्ये थोडा फरक पडतोच. त्या म्हणाल्या, 'पडलाय की तुम्ही पाडलाय, तेवढं सांगा. मला पेशंट वाचवायचाय.'
सांगितलं. फॅक्टर, शहाळं, सगळं. राहीबाई मागच्या बाकावर होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. माझ्याकडे बघितलं नाही.

२३ जून
सुभेदार धोक्याबाहेर. फॅक्टर काढला. त्या दिवसांत ज्यांचं पोटॅशियम केलं, त्यांच्या घरी जयराज आणि मी पुन्हा रक्त घ्यायला फिरतोय. एका घरी चहा दिला. बाकीच्यांनी बरोबर केलं.

३० जून
परीक्षेचा निकाल. आमच्या बाटलीचा खरा आकडा ६.२. अतिशयला फोन करून भांडलो. तो म्हणाला, 'गड्या, तुझी बाटली येगळी, माझी येगळी. कॉपी हू नये म्हणूनच तसं करत्यात. तुला म्हाईत नव्हतं व्हय?'
म्हटलं, माहीत होतं.

८ जुलै
पोटॅशियम आता आमच्याकडे करत नाही. रक्त फक्त घ्यायचं आणि सांगलीच्या मान्यता असलेल्या लॅबला पोचवायचं. पहिलं सँपल सुभेदारांचं. बंद डब्यातून स्वतः नेलं. खिडकीवरच्या मुलीनं परत दिलं. रक्त घेतल्याची वेळ लिहिली नव्हती.
पुन्हा सुभेदारांच्या दारात. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं. चांगलं लांबलचक होतं.
त्यांनी ऐकून घेतलं नाही. बाही वर केली.
'ह्यो हात दुकतोय,' म्हणाले. 'आता दुसरा घ्या.'