भाग्याच्या तिघी

॥ श्री ॥

अकोला, २ सप्टेंबर १९६१

तीर्थस्वरूप बाबांचे चरणी कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचल्यावर ते मनातून खोडून टाका.

हे पत्र खरं म्हणजे अनसूया आत्यासाठी आहे. पण तिला अक्षर येत नाही आणि वाचून दाखवणारे तुम्ही. लहानपणी मी तिला पाटी घेऊन बसवलं होतं, तर तिने 'ग' गिरवायच्या ऐवजी गणपती काढला आणि वरण उतू जातंय म्हणून उठून गेली. ती तेव्हा बसली असती तर आज माझी लाज वाचली असती.

मागच्या महिन्यात मला छातीत डाव्या बाजूला गाठ लागली. एवढं एक वाक्य लिहायला सकाळ गेली. ह्यांनी शाळेतून रजा काढून मला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे गाठ काढून तपासली, ती साधी निघाली. पण डॉक्टरांनी विचारलं की तुमची आई, मावशी, आजी कशाने गेल्या? तिघीही याच दुखण्याने गेल्या असतील, तर पुढेमागे तुम्हालाही ते होण्याचा धोका मोठा आहे, म्हणून आजार यायच्या आधीच दोन्हीकडचं काढून टाकावं असं ते म्हणाले. तसं नसेल तर अधूनमधून येऊन दाखवलं की पुरे. मला ते नक्की ठाऊक नव्हतं. ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला बार्शीटाकळीला मामांकडे ठेवलं होतं. एकदा भेटायला आणलं तेव्हा माजघरात ऊद जळत होता, भरदुपारी, एवढंच आठवतं. सगळे ताप म्हणत. तो खरंच ताप होता का, ते आत्याला विचारा.

तिच्या लिंबाच्या लोणच्याची मुलं वाट पाहताहेत. हे पत्र दार लोटून तिला एकटीला वाचून दाखवा. आणि जमलं तर तुम्ही वाचू नका. ते कसं जमायचं, मला माहीत नाही.

मुलांचा नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

आपली आज्ञाधारक
कुंदा

॥ श्री ॥

अमरावती, ९ सप्टेंबर १९६१

चि. सौ. कुंदा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. गणपती तोंडावर आल्यामुळे यजमानांची रीघ लागली आहे, म्हणून उत्तराला उशीर. यंदा मातीच्या मूर्ती फार उंच केल्यात. नेहमीचे पाट पुरत नाहीत. आत्याचे गुडघे बरे आहेत. लोणच्याची बरणी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडतो.

डॉक्टर मंडळींना माणूस घाबरवण्याची खोड असते. गाठ साधी निघाली ना, मग विषय संपला. तुझी आई तापानेच गेली. ती सवाष्ण गेली हे मुख्य. मळवट भरून, हिरवं लुगडं नेसून गेली. आळीतल्या बायकांनी तिच्या पायाला हात लावून मागणं मागितलं. तुझी वच्छलामावशी तशीच गेली, आजीही तशीच. तुझ्या आजोळच्या बायकांचं भाग्य थोर आहे. अविधवा नवमीला त्यांच्या नावाने सवाष्ण जेवते तेव्हा मला नेहमी असंच वाटतं.

तुझं पत्र आत्याला लोणच्यापुरतं वाचून दाखवलं. एवढ्या लांब कागदात लोणचंच होतं का, असं तिने विचारलं. मी स्नानाला गेलो.

चि. वसंतरावांना आशीर्वाद. अखंड सौभाग्यवती भव.

हरिहर

॥ श्री ॥

अकोला, १६ सप्टेंबर १९६१

ती. स्व. बाबांस शि. सा. न.

लोणचं पोचलं, चांगलं मुरलंय. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र पोचलं नाही.

बाबा, तुम्हाला लाज वाटते हे मला समजतं. मलाही वाटते. त्या दिवशी परक्या पुरुषापुढे पदर काढला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. परत येताना गाडीत मी ह्यांच्याशी अकोल्यापर्यंत बोलले नाही, जसं काही त्यांनीच काही केलं होतं. शेजारणीला पोटाचं दुखणं म्हणून सांगितलंय. सासूबाई हयात असत्या तर त्यांना काय सांगितलं असतं, ते सुचतही नाही. पण लाजेने मेले असं म्हणायची आपल्यात रीत आहे; ती मला खरी करून दाखवायची नाही. माझी धाकटी अजून माझ्या कुशीत झोपते.

तापाने माणूस गेलं तर माजघरात ऊद कशाला जाळतात? दुसरं काही विचारत नाही. तुम्ही हो किंवा नाही एवढंच लिहा. तो शब्द लिहायची गरज नाही, मीही तो लिहिलेला नाही.

रागावून लिहिलं, मुलीचं समजून पोटात घालावं.

कुंदा

॥ श्री ॥

अमरावती, ४ ऑक्टोबर १९६१

चि. सौ. कुंदा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

हो.

काल अविधवा नवमी झाली. सवाष्ण म्हणून शेजारच्या देवरावांची सून बोलावली होती. पाटावर बसून ती मजेत हसत होती, लेकरू मांडीवर. मी नावं घेऊ लागलो. तुझी आई रमा, मग वच्छला, मग सासूबाई पार्वती. दरवर्षी घेतो. पण या खेपेस तिन्ही नावं एकापाठोपाठ आली आणि जीभ अडली. तीन बायका, एकाच घरच्या, तिघीही काळ्या केसांनी गेलेल्या. मी त्याला भाग्य म्हणत आलो. जन्मभर लोकांचे श्राद्धपक्ष केले, आणि घरच्या बायका कशाने गेल्या ते मोजलं नाही. तुला कसं सांगू, मला फार लाज वाटली.

तुझ्या आईने ती गाठ पदराखाली किती दिवस झाकली, देव जाणे. पाल्याचे लेप लावायची. मला कळलं ते वास यायला लागल्यावर. ऊद त्यासाठी होता. शेवटी तिने माझ्याकडून वचन घेतलं की कुंदाचं लग्न व्हायचंय, घराण्याचं दुखणं आहे असं कोणाच्या कानी पडता कामा नये. तुझं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली. मी अजून ते वचन पाळतोच आहे. आज सकाळी वलगावला जाऊन तुझ्या मावशीच्या यजमानांना, वामनरावांना, गाठलं. पहिल्यांदा ते शेतातल्या कापसावर, पऱ्हाटीच्या बोंडांवर बोलत राहिले. मग मान हलवून, तेच, म्हणाले. सासूबाईंचं मला आधीच ठाऊक होतं.

काल जेवणावळ उरकल्यावर स्वयंपाकघरात आत्याकडे पाठ करून तुझी दोन्ही पत्रं वाचली, सगळी. ती भांडी आवरत होती, आवाज थांबला एवढं मला कळलं. मग जे बोलली ते तिच्याच शब्दांत देतो. म्हणाली, दादा, त्या तिघी गेल्या त भाग्याच्या, अन् मी जगून राहिली त करंटी. मंग आता पोरीले भाग्य देता का आयुष्य देता, ते ठरवून टाका.

डॉक्टर सांगतील तसं कर.

अखंड सौभाग्यवती भव.

हरिहर

॥ श्री ॥

अकोला, १३ ऑक्टोबर १९६१

ती. स्व. बाबांस शि. सा. न.

तुमचं पत्र मी न्हाणीघरात जाऊन वाचलं आणि तिथेच रडले. आई एवढी जवळ कधी वाटली नव्हती. तिच्यावर रागही आला.

आमचं ठरलं. दिवाळी होऊ द्यायची आणि मग नागपूर. पंधरा नोव्हेंबरच्या गाडीने निघू. मुलांना सांभाळायला नणंद येणार आहे.

आता आत्यासाठी आणखी एक गोष्ट, आणि ही पहिलीपेक्षा लाजिरवाणी आहे. तिथे दुसरे एक डॉक्टर आहेत, भाजलेल्या आणि अपघातातल्या माणसांची अंगं नीट करतात. ते म्हणाले की जखम भरली की पोटाची कातडी आतल्या मांसासकट उचलायची, वळकटीसारखी गुंडाळायची आणि थोडी थोडी वर सरकवत नेऊन छातीला पुन्हा आकार द्यायचा. त्याला वर्ष लागतं, भूल पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. अगदी पहिल्यासारखं होणार नाही हेही त्यांनी सांगितलं. जीव वाचवायला त्याची काही गरज नाही.

ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुला वाटेल तसं. मी म्हणते, दोन लेकरं पिऊन मोठी झाली, छत्तिशी उलटली, आता कोणाला दाखवायचंय? जीव वाचतोय तेवढं पुरे नाही का? पण बाबा, मला ते हवंय. आरशासाठी नव्हे असं लिहिणार होते, पण आरशासाठीच हवंय. आईने लाजेपायी जीव दिला आणि तिची लेक ही असली हौस करते, असं मनात येतं आणि मान वर होत नाही. आत्याने थांब म्हटलं तर थांबेन.

हेही पाठ करूनच वाचा.

कुंदा

॥ श्री ॥

अमरावती, ११ नोव्हेंबर १९६१

चि. सौ. कुंदा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीचा फराळ पोचला. अनारसे तळताना हसले, पसरले, पण चवीला उत्तम. तुझ्या आत्याने चार खाल्ले आणि मग नावं ठेवली.

या खेपेस तिने मला पाठ करू दिली नाही. समोर बसवून वाचून घेतलं, आणि आता ती सांगते ते उतरवतो आहे. शब्द बदलला तर तिला पेन थांबल्यावरून कळतं. म्हणते, पोरी, काहून लाजून राहिली? पंधराव्या वर्षी मले न्हाव्यापुढे बसवलं, तवा कोणी विचारलं नाही, की बाई, तुले केस पाहिजे का नको. पाहिजे होते मले. आजही डोक्यावरून हात फिरवते त आठवते. तुले विचारून राहिले ना? मंग सांग त्यायले, पाहिजे म्हणून.

पन्नास वर्षं ती माझ्या घरात आहे. त्या दिवशी न्हाव्याला बोलवायला वडिलांनी मलाच धाडलं होतं. आज तिच्यापुढे बसून लिहिताना मान खाली गेली ती अजून खालीच आहे.

नव्या कापसाची सरकी काढून तिने तुझ्यासाठी दोन चोळ्या शिवल्यात, आतून खिसे करून, खिशात कापूस भरून. ते दुसरे डॉक्टर आपलं काम करीपर्यंत तुला बाहेर वावरायला लागतील म्हणते. मापाला तुझी जुनी चोळी घेतली. त्या चोळ्या माझ्या झोळीत पंचांगाखाली ठेवल्या आहेत. पंधरा तारखेला बडनेऱ्याला गाडीत चढतो आणि तुमच्याबरोबर नागपूरला येतो. डॉक्टरांपुढे तिघींची नावं आणि त्यांचं दुखणं मीच सांगणार आहे, संकल्प सांगतो तसं, खणखणीत. तो शब्द मला उच्चारता येत नव्हता. चार दिवस देवघरात म्हणून पाहिला.

एक राहिलं. तुझ्या लग्नापासून प्रत्येक पत्राखाली मी एकच आशीर्वाद लिहीत आलो. नवऱ्याच्या आधी जा, एवढाच त्याचा अर्थ, आणि तुझ्या आजोळच्या तिघींना तो पुरेपूर फळला. वसंतरावांना देव उदंड आयुष्य देवो. पण तो आशीर्वाद मी आज लिहिणार नाही. दुसरा काय लिहितो ते ऐकून आत्याने हात धरला. सवाष्णीला असं अभद्र लिहू नका, माझं नाव त्यात घेऊ नका म्हणून ती रडते आहे. तरी लिहितो.

कुंदे, तुझ्या आत्याएवढी म्हातारी हो.

तुझा बाबा